थर्झामावशीचे पाच हातमोजे

आमच्या नेदरकूमच्या चर्चमध्ये उत्तरेकडच्या भिंतीवर, खिडक्यांच्याही वर, एकोणचाळीस पांढरे मुकुट टांगलेले आहेत. पांढरे आपलं म्हणायचं. आता कुणी दुधाळ चहासारखा झालाय, कुणी चुलीतल्या राखेसारखा. लग्नाआधी गेलेल्या, पुरुषाचा हात न लागलेल्या गावच्या लेकींचे ते मुकुट. हेझलच्या ओल्या फांद्या वाकवून केलेला सांगाडा, त्याला बांधलेली कागदाची फुलं, आणि खाली लोंबणारे पाच कागदी हातमोजे. हातमोजे त्या लेकीच्याच हाताच्या मापाचे. ते म्हणजे तिचं गावाला आव्हान. माझ्याबद्दल कुणाला काही बोलायचं असेल तर या, धरा हात.

दफन झालं की मुकुट लगेच भिंतीवर जात नाही. तीन रविवार तो पश्चिमेच्या दारात टांगतात, इतका खाली की उंच माणसाला वाकून जावं लागतं. शेवटचं स्तोत्र म्हणून झालं की चर्चचा कारभारी त्याच्याखाली उभा राहून काठी एकदा आपटतो. मग मनातल्या मनात एक प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ सगळे गप्प, काठी दुसऱ्यांदा आपटली की वेळ संपली. ज्याला आक्षेप असेल त्यानं बोलायचं नसतं. पुढं यायचं, एक हातमोजा ओढून तोडायचा, बस. हातमोजा तुटला की मुकुट उतरला. तीन रविवारी कुणी पुढं आलं नाही तर मुकुट वर चढतो, आणि आपणहून झिजून पडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

हातमोजा असा एकदाच तुटलाय. सतराशे एक्याण्णव साली सुझॅना लाइलच्या मुकुटाचा हातमोजा गिरणीवाल्यानं तोडला. दहा वर्षांनी मरताना तो म्हणाला, मी खोटं केलं, तिनं मला नकार दिला होता म्हणून केलं. गाव म्हणालं, चला, पुन्हा मुकुट करू. सुझॅनाची आई म्हणाली, नको, खुंटी राहू द्या तशीच. ती खुंटी अजून रिकामी आहे. तिच्या डावीकडे मुकुट, उजवीकडे मुकुट, मध्ये पडलेल्या दातासारखी जागा.

माझी थर्झामावशी त्या खुंटीखाली नेहमी थांबायची. म्हणायची, "किझी, बघ गं. नवखं माणूस आलं की पहिल्यांदा विचारतं, ही खुंटी रिकामी का? मग सुझॅनाचं नाव निघतं. बाकीच्यांची नावं कोण विचारतंय?"

मावशी गावची मुकुट करणारी. भिंतीवरचे सात तिच्या हातचे. कुणाची लेक गेली की तिच्या स्वयंपाकघरात बायका जमायच्या, कागद दुमडायच्या, आणि दुमडताना हळू आवाजात गायच्या,

दुमड दुमड बाई, कागदाची पाकळी
उंच टांगली लेक, जगापासून मोकळी.

मी चार वर्षांची असल्यापासून त्या टेबलाखाली बसून कागदाचे तुकडे गोळा केले. मावशी मला मांडीवर घ्यायची, माझी करंगळी आपल्या करंगळीशी लावायची. दोन्ही सारख्याच वाकड्या, आत वळलेल्या, नव्या चंद्राच्या कोरीसारख्या. आईला, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीला, लिडियाला, ते दिसलं की ती हाक मारायची, "किझी, थंडी आहे, मफलर बांध. चल घरी." जून महिना असला तरी.

एकोणीसशे अडतीसच्या फेब्रुवारीत मावशीची छाती भरली. बावन्न वर्षांची होती. मी एकतीसची, दोन लेकरांची आई. दुपारी मी तिला बार्लीचं पाणी चमच्यानं देत होते. ती तोंड फिरवून म्हणाली,

"माझ्यासाठी करू नकोस."

"काय करू नको?"

"मुकुट."

"अगं, काहीतरीच. तू अजून बेसीकाकूचा करशील."

"बेसीनं दोन नवरे पुरले. तिला कसला मुकुट, तिला मेडल द्या." ती हसली, मग बराच वेळ खोकली. "आणि थापा मारू नकोस, पोरी. तुला जमत नाही. तोंडावर दिसतं. माझ्यावर गेलीस."

मी म्हटलं, भाची मावशीवर जाणारच की.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग चादरीखालून हात काढला, माझा हात धरला, आणि करंगळीला करंगळी लावली. लहानपणी लावायची तशीच.

"लिडियाच्या खोकल्यासाठी आम्ही दोघी बहिणी हिवाळाभर सॉल्सबरीच्या आत्याकडं राहिलो होतो. ऐकलंयस ना? खोकलाबिकला काही नव्हता. लिडिया रिकामी गेली, भरली आली. मी भरलेली गेले, रिकामी आले."

चमचा माझ्या हातात तसाच होता. बार्लीचं पाणी चादरीवर सांडत होतं, आणि मी ते बघत होते.

"बाप?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मळणीच्या यंत्राबरोबर आला, यंत्राबरोबर गेला. वाईट नव्हता. शीळ छान घालायचा."

"मग एवढी वर्षं का नाही सांगितलंस?"

"लिडियाला शब्द दिला होता. तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, पाळणा हलत नव्हता. तुला तिच्या हातात दिलं तेव्हा तिचं तोंड बघायला हवं होतंस. तो शब्द आत्ता मोडला. मोडला तर मोडला." तिनं श्वास घेतला. "माझी खुंटी रिकामी ठेव, किझी. लोक विचारतील, थर्झाचा मुकुट का नाही? तेव्हा तू सांग. नाहीतर नको सांगू, तुझी मर्जी. पण कुणीतरी विचारेल तरी."

"ठेवीन," मी म्हटलं.

एवढंच मागितलं होतं तिनं. उभ्या जन्मात माझ्याकडं एवढंच.

गुरुवारी सकाळी ती गेली. शनिवारी सुतारानं पेटी बंद केली. सोमवारी दफन झालं आणि मंगळवारी आई माझ्या दारात उभी, काखेत पांढऱ्या कागदाची गुंडाळी, दुसऱ्या हातात हेझलच्या फांद्या. तेव्हा ती साठीची होती. एकटीच रानात जाऊन तोडून आणल्या होत्या. हाताला ओरखडे होते.

"टेबल मोकळं कर," ती म्हणाली.

"मावशी नको म्हणाली होती."

"मरताना माणूस काहीही म्हणतं. तुझे बाबा मरताना काय म्हणाले? घोड्याला ओट घाला. घोडा मरून चार वर्षं झाली होती."

"आई, ती शुद्धीवर होती."

आईनं फांद्या टेबलावर ठेवल्या. एक उचलली, वाकवायला लागली. फांदी मोडली. दुसरी उचलली. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"आणखी काय म्हणाली?"

 थापा मला जमत नाहीत, आणि ते आईलाही ठाऊक होतं. खिडकीबाहेर माझी लेकरं कोंबड्यांना हाकलत होती. आई हातातल्या फांदीशी बोलल्यासारखी बोलली,

"ती भिंतीवर गेली नाही तर सगळे आधी तिच्या खुंटीकडं बघतील. मग माझ्याकडं बघतील. मग तुझ्याकडं." तिसरी फांदी वाकली, मोडली नाही. "मग मी कोण, किझी?"

माझ्या आजारपणात अकरा दिवस पलंगाशी बसून राहिलेली बाई होती ती. माझ्या लग्नाच्या पोशाखाचा टाका न् टाका तिनं घातलेला. मी टेबल मोकळं केलं.

फुलं आम्ही दोघींनी केली. गाणं कुणी गायलं नाही. हातमोज्यांची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "माप?"

"पेटी बंद झाली. कुणी घेतलंच नाही."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं.  मग कागद माझ्यापुढं सरकवला. "ठेव तुझाच."

मी हात कागदावर ठेवला आणि आईनं पेन्सिलीनं त्याची कड काढली. अंगठा, चार बोटं, वाकडी करंगळी. आईचं स्वतःचं बोट न् बोट सरळ होतं, मेणबत्तीसारखं. करंगळीपाशी पेन्सिल क्षणभर अडली, मग वळणावर वळून पुढं गेली. असे पाच काढले. पाचही तिनंच कापले.

पहिल्या रविवारी मुकुट दारात टांगला. कारभारी एनॉस बेकिंग्सेलनं काठी आपटली. सगळे गप्प. मी माझ्या जागेवर बसून राहिले, आई शेजारी. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

त्या आठवड्यात मला झोप नाही, भूक नाही. मी चुलीपाशी उभी राहायची आणि बटाटे जळायचे. एका सकाळी नवऱ्याला, गिल्बर्टला, सगळं सांगून टाकलं. तो गाडीच्या चाकाचा आरा तासत होता. थांबला नाही.

"हं," म्हणाला. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"आपलं ठरलं तेव्हा बेसीकाकूनं सांगितलं. म्हणाली, पोरगी चांगली आहे, पण आधी ऐकून घे, मागनं कुरकुर नको. मी म्हटलं, त्यात कुरकुर कसली? थर्झा काय वाईट बाई आहे?"

"म्हणजे गावाला ठाऊक आहे?"

"सगळ्या गावाला नसेल." त्यानं लाकडाचा भुसा फुंकला. "एनॉसच्या गाढवाला नसेल."

मी तिथंच भुशात बसले. दोनशे माणसांचं गाव. दुकानात, विहिरीवर, कापणीच्या जेवणात, प्रत्येक जण माझ्याकडं बघत होता आणि जाणत होता, आणि एकतीस वर्षांत एकाच्याही तोंडून चकार शब्द नाही. भांडणातसुद्धा नाही. नेदरकूमचे लोक भांडणात पणजोबाची चोरी काढतात.

"मग पहिल्या रविवारी कुणी पुढं का आलं नाही?"

आता तो थांबला. "कुणी यायचं? तो हातमोजा ओढायचा हक्क कुणाचा आहे? तुझा एकटीचा. तू ओढलास तर कुणी काही बोलणार नाही. नाही ओढलास तरी नाही. गाव तुझ्यासाठी थांबलंय."

दुसऱ्या रविवारीही मी उठले नाही.  पण घरी येताना रिकाम्या खुंटीखालून गेले आणि मावशीचा आवाज ऐकू आला, जसाच्या तसा. पण कुणीतरी विचारेल तरी. मी ठरवलं, पुढच्या रविवारी ओढायचा.

तिसऱ्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. एरवी नाताळलाही न येणारा वरच्या कुरणातला मेंढपाळसुद्धा कुत्रं बाहेर बांधून आला होता. शेवटचं स्तोत्र झालं. एनॉस म्हातारा मुकुटाखाली जाऊन उभा राहिला. काठी आपटली.

मी उठले.

बाकांमधून चालत गेले. माझ्याच बुटांचा आवाज मला फार मोठा वाटला. दारातून गार हवा येत होती आणि पाचही हातमोजे हळूहळू फिरत होते, कुणीतरी हात हलवून निरोप घ्यावा तसे. मी हात वर केला. मधला हातमोजा माझ्या तळव्यासमोर आला. बोटासमोर बोट आलं. कागदाची करंगळी आणि माझी करंगळी, दोन्ही एकाच बाजूला झुकलेल्या.

मला वाटलं होतं, मागं कुजबुज होईल. काहीच नाही. मी मान वळवली. पुरुष आपापल्या टोप्यांच्या आत बघत होते. बायकांनी नजरा फरशीवर लावल्या होत्या. साऱ्या गावाच्या बातम्या ज्या बेसीकाकूच्या तोंडून फिरायच्या, तिनं डोळे घट्ट मिटले होते आणि तोंडावर हात धरला होता. कुणाला धक्का बसला नव्हता. कुणी अडवणार नव्हतं. एवढी मोकळी वाट मला जन्मात कुणी दिली नव्हती.

आणि आई. ती एकटीच मान वर करून माझ्याकडं बघत होती. तोंडाचा रंग उडालेला, पाठ ताठ. ती आता ओरडेल, रडेल, पडेल, असं मला वाटलं. तिनं त्यातलं काही केलं नाही. तिनं आपल्या शेजारचा, मी बाकावर सोडलेला लोकरीचा मफलर उचलला आणि हळूच, नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"किझी, दारात थंडी आहे. मफलर बांध."

माझा हात खाली आला.

मी खाली घेतला असं नाही म्हणता येणार. तो आला. मी परत जाऊन बसले, आणि आईनं माझ्या गळ्याला मफलर गुंडाळला, दोन वेढे, गाठ डाव्या बाजूला, लहानपणी बांधायची तशी. गाठ तीनदा सुटली. एनॉसनं दुसऱ्यांदा काठी आपटली. शिडी आली. मुकुट वर गेला, सुझॅनाच्या रिकाम्या खुंटीपासून चौथ्या खुंटीवर. गावानं सुस्कारा टाकला. बाहेर बेसीकाकूनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "बरं केलंस गं. चल आता, लोकांना जेवायचंय."

त्यानंतर त्या गोष्टीवर कुणी बोललं नाही. आई तेरा वर्षं जगली. मी तिची लेक म्हणून सेवा केली आणि ती मला मफलर बांधायला हाक मारत गेली. आम्ही दोघींनी एकदाही मावशीचं नाव एकत्र घेतलं नाही. गाव दयाळू होतं. इतकं दयाळू, की थर्झासाठी, आपली आई मेली म्हणून रडायला मला कुठं जागाच उरली नाही. मावशीसाठी जेवढं रडतात तेवढं रडून झालं होतं. उरलेलं मी कोंबड्यांच्या खुराड्यात रडले.

बेसीकाकू गेली, एनॉस गेला, माझा गिल्बर्ट गेला. शाळा बंद झाली. धान्याच्या कोठारात शहरातले लोक राहायला आले. आता त्या गोष्टीचं जाणतं माणूस गावात मी एकटी. मावशीच्या मुकुटानंतर भिंतीवर नवा मुकुट चढला नाही. पोरी कामाला शहरात गेल्या, कागद दुमडणाऱ्या बायका उरल्या नाहीत.

यंदाच्या वसंतात मी चर्चची फुलं बदलायला गेले तेव्हा फरशीवर काहीतरी पडलेलं दिसलं. वाटलं, वाळकं पान. उचललं तर हातमोजा. मावशीच्या पाचांतला एक. दोरा कुजला होता. पंचेचाळीस वर्षांनी कागद पातळ, तपकिरी झालेला, पण करंगळीचं वळण तसंच. मी तो बाकावर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून पाहिला. बसला नाही. माझी बोटं आता सांध्यांत सुजली आहेत, पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली आहेत. करंगळी तर सुजून सरळ झाली आहे. त्या हातमोज्यात आता मावशीच राहिली होती, एकटी, बावन्न वर्षांची.

तेवढ्यात ऑड्री प्रिचर्ड आल्या. निवृत्त शिक्षिका, सहा वर्षांपूर्वी गावात आलेल्या, मनानं फार चांगल्या. गावाचा इतिहास लिहून छापायचा असं त्यांनी घेतलंय. प्रत्येक मुकुटाची नोंद त्या करतायत.

"अय्या, पडला का? कुणाचा हो हा?"

"थर्झा पॉथकरी. अडतीस साल."

"म्हणजे शेवटचा. बरं झालं तुम्ही भेटलात." त्यांनी वही काढली, बाकावर बसल्या, टोपण उघडलं. "अविवाहित, बावन्न वर्षं, मुकुट करणारी. एवढं मला मिळालंय. तुमचं नातं काय त्यांच्याशी? लोक म्हणतात मावशी."

लेखणी थांबली होती. वर, एकोणचाळीस मुकुट. मध्ये रिकामी खुंटी. मला वाटलं, मावशी, विचारलं बघ. पंचेचाळीस वर्षं लागली, पण कुणीतरी विचारलं.

"आई," मी म्हटलं. "आई होती ती माझी. लिहा."

चर्चमध्ये मोठ्यानं उच्चारलेला तो शब्द मला परका वाटला. सगळं सांगितलं मग. सॉल्सबरी, मळणीचं यंत्र, शीळ, रिकामी खुंटी ठेव म्हणाली ते, आणि मी काय केलं ते. सांगताना शब्द अडला नाही. "मुकुट उतरवायचा असेल तर उतरवा," मी म्हटलं. "तिलाही तेच हवं होतं."

ऑड्रीबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ऐकताना एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी वहीकडं पाहिलं. त्यांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मग त्यांनी हळूच लेखणीचं टोपण लावलं, वही मिटली आणि माझ्या सुजलेल्या हातावर आपला हात ठेवला.

"तुम्ही अजिबात काळजी करू नका, किझीबाई," त्या म्हणाल्या. "मी यातलं काहीही लिहिणार नाही. माझ्या तोंडून या गावात कुणाला कळणार नाही."

 सहा वर्षांत त्या अगदी आमच्या गावच्या झाल्या होत्या.

त्या दारापर्यंत गेल्या, मग वळल्या. "बाहेर वारं आहे हं," म्हणाल्या. "गळ्याला काहीतरी बांधा."

मी हातमोजा रुमालात गुंडाळला. खाली पडलेलं चर्चच्या मातीत पुरायचं असतं, अशी रीत आहे. मी आधी आईच्या कबरीपाशी गेले, लिडियाच्या. दगडावरची धूळ पुसली. मग पुढं, भिंतीच्या कडेला, थर्झाच्या कबरीपाशी जाऊन गुडघे टेकले आणि बोटांनीच माती उकरायला लागले. माती ओली होती, बोटं दुखत होती. खड्डा मी लहानच ठेवला, एका हातापुरता.